आजोबांच्या गोदावरीचं मॉडेल करायचंय, सल्ला हवा

पंचगंगाकाठ: नमस्कार मंडळी. माझे आजोबा १९५०च्या दशकात आयएनएस गोदावरीवर स्टोकर (बॉयलर सांभाळणारे) होते. १९८३ची फ्रिगेट नव्हे, तिच्या आधीची. ब्रिटनकडून १९५३ साली गोमती आणि गंगेबरोबर आलेली विनाशिका. आजोबा आता नाहीत. आजी नव्वदीची आहे, दिवाळीच्या आत तिच्या हातात ती बोट द्यायची आहे. घरात एकच फोटो आहे: आजोबा नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकाला) उभे आणि मागे एकावर एक अशा दुनळी तोफा. किट कोणतं घेऊ? रंग कोणता?

दर्यासारंग७२: अहो, ती नाळ नाही, वरामाची, म्हणजे मागची बाजू आहे! गोदावरी ब्रिटनच्या दुसऱ्या महायुद्धातल्या हंट वर्गाच्या विनाशिकांपैकी, त्यातल्या दुसऱ्या प्रकारची. चार इंची दुनळी तोफा तीन: पुढे एक, मागे दोन, त्याही एकावर एक. मॉडेल जोडताना हे चुकवू नका.

गोदावरी नावाचं किट शोधू नका. पोलंडच्या आयबीजी कंपनीची १:७००ची हंट किटं आहेत, त्यातलं क्राकोव्हियाक घ्या. तीही दुसऱ्याच प्रकारची, त्यामुळे सांगाडा तोच. तिसऱ्या प्रकाराचं मात्र चुकूनही घेऊ नका, त्यात मागची एक तोफ काढून टॉर्पेडो नळ्या बसवल्या होत्या. १:७००मध्ये बोट जेमतेम १२ सेंमी होते. युद्धकाळातले कॅमोफ्लाजचे पट्टे द्यायचे नाहीत, साधा करडा रंग. निशाण १९५०नंतरचं: पांढऱ्यावर लाल क्रॉस, कोपऱ्यात तिरंगा.

खलाशीपोर: सारंगकाकांचं किट बरोबर आहे, पण पोलिश किट का, तेही आजींना सांगा. तुमची गोदावरी ब्रिटनने बेडेल म्हणून बांधली आणि १९४२मध्ये पोलिश नौदलाला दिली. पोलंड तेव्हा जर्मनांच्या ताब्यात, नौदल मात्र ब्रिटनमधून लढत होतं. खलाशी होते, बोटी कमी. तिचं नाव ठेवलं श्लोंझाक, म्हणजे सिलेशियाचा माणूस. ऑगस्ट १९४२मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या दिएपच्या हल्ल्यात तिने कॅनडाचे सैनिक समुद्रातून उचलून आणले. १९४४मध्ये नॉर्मंडीच्या चढाईतही ती होती. तिच्याच वर्गातली पोलिश बोट कुयावियाक जून १९४२मध्ये माल्टाजवळ सुरुंगावर आदळून बुडाली. मला तर गोदावरीची ही पहिली चार वर्षंच जास्त भिडतात.

दर्यासारंग७२: आणि तुम्ही कोल्हापूरचे! १९४३पासून तुमच्याजवळच्याच वळिवड्याच्या छावणीत हजारो पोलिश निर्वासित राहत होते. तिथल्या बायका-मुलांच्या देशाचे खलाशी त्याच वेळी या बोटीवर होते.

पंचगंगाकाठ: काका, फोटो आजीला दाखवला. ती लगेच म्हणाली, "मागचीच बाजू. खाली बॉयलरच्या उकाड्यात झोप लागायची नाही, म्हणून तिथंच डेकवर अंथरूण टाकायचे." तोफांच्या पायाशी वळकटीसारखं काहीतरी दिसतंय, आत्ता भिंगातून पाहिलं. क्राकोव्हियाक मागवतोय. १२ सेंमीच्या बोटीवर तेवढी वळकटी कशाची करू? टिश्यू पेपर चालेल का?

दर्यासारंग७२: चालेल. पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवा, ओला असतानाच सुईने गुंडाळा, वाळला की मळकट पांढरा रंग द्या. वरच्या तोफेच्या आडोशाला ठेवा.