मदत हवी आहे: गोळीच्या चहानंतर आईची भूक वाढते

नमस्कार मंडळी. आईला (वय ६२) मधुमेह आहे. दोन महिन्यांपासून ती चहात साखरेऐवजी सुक्रालोजची गोळी घालते. साखर आटोक्यात आहे, पण चारच्या चहानंतर तासाभरात तिला कडकडून भूक लागते. मग चिवडा, खारी, हाताला लागेल ते. पूर्वी असं नव्हतं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ७५ जणांवरच्या अभ्यासाबद्दल वाचलं: साखरेच्या पेयापेक्षा सुक्रालोजच्या पेयानंतर भूक जास्त जाणवली. तसंच असेल का हे? गूळ सुचवू नका, तीही साखरच. कुणी स्टीव्हिया (एका झाडाच्या गोड पानांपासून केलेला साखरेचा पर्याय) वापरून पाहिलंय का? की बिनसाखरेचा चहा आणि सोबत मूठभर फुटाणे बरे? गुरुवारी डॉक्टरांना विचारणार आहेच, पण तुमचे अनुभव कळवा. फार काळजी वाटते.