नगरसेविका निवडून येते, मग वॉर्ड चालवतं कोण?

बोरीबंदर: मुंबईत 227 पैकी 114 वॉर्ड महिलांसाठी राखीव. महाराष्ट्रात आधी 30 टक्के होतं, मग 33, 2011 पासून 50. तरी आमच्याकडे गटार तुंबलं की फोन जातो ‘साहेबां’ना, म्हणजे बाईंच्या यजमानांना. फ्लेक्सवर दोघं हात जोडून, पण पालिकेच्या इंजिनियरला दम देणार साहेबच. वॉर्ड राखीव झाला की तिकीट घरातल्या घरात फिरतं, बाकी काही बदलत नाही.

मोगरी: मग साहेबांना फोन लावता कशाला? बाईंना लावा.

बोरीबंदर: लावला होता. उचलला साहेबांनीच.

जुना कारकून: माझं म्हणणं वेगळं आहे. खरा घोळ सोडतीत, म्हणजे कुठला वॉर्ड राखीव हे चिठ्ठी काढून ठरवतात त्यात. नवीन बाईंची पहिली दोन वर्षं बजेट वाचायला आणि स्थायी समितीत कुठल्या कंत्राटावर बोट ठेवायचं हे समजायला जातात. (पुरुषांचीही जातात, पण ते कबूल करत नाहीत.) जरा जम बसतोय तोवर वॉर्ड खुला होतो आणि पक्ष सांगतो, ताई, आता थांबा. घटनेच्या 243-टी कलमात राखीव जागा फिरत्या ठेवता येतील एवढंच आहे, दर निवडणुकीला फिरवाच असं नाही. सलग दोन मुदती आरक्षण ठेवून बघा.

शिवडीकर: म्हणजे वस्तीत राबलेल्या कार्यकर्त्याने दहा वर्षं घरी बसायचं? बायकांना खुल्या जागेवर लढायला कुणी अडवलंय?

मोगरी: तिकीट वाटणाऱ्यांनी. आणि निवडून आल्यावर महिला व बालकल्याण समितीत बसवून शिलाई मशीन वाटायला लावतात. खर्चाला मंजुरी देते स्थायी समिती, तिकडे नावं सुचवताना ताई आठवत नाहीत.
बोरीबंदर, इंजिनियरला दम देणं हे नगरसेवकाचं कामच नाही. मुंबईत 1888 च्या कायद्याने अंमलबजावणी आयुक्तांकडे आहे. नगरसेवकाने प्रश्न विचारायचे, बजेट तपासायचं, ठराव मांडायचा. हे सगळं सभागृहात होतं आणि तिथे साहेबांना खुर्ची नाही. बाई तिथे काय बोलल्या, ते कधी विचारलंत?

बोरीबंदर: सभागृहातली भाषणं ऐकून आमच्या चाळीत कुणी मत देत नाही. पाणी किती वाजता येतं ते बघतात.

जुना कारकून: मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर तुमच्या चाळीला नगरसेवकच नव्हता, प्रशासक होता. तेव्हा पाण्यासाठी कुणाला फोन लावत होतात?

बोरीबंदर: साहेबांनाच.