मदत हवी आहे: वावरातले पक्षी परत कसे आणायचे?

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आमची पाच एकर पऱ्हाटी (कापूस) आहे. पूर्वी डवरणीला बैलांमागं बगळे चालायचे, आता मातीत गांडूळच दिसत नाही. मागच्या हंगामात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारल्यावर तिसऱ्या दिवशी धुऱ्यावर (बांधावर) चार साळुंक्या मरून पडल्या होत्या. हे औषध पक्ष्यांना फार घातक आहे, हे मला नंतर कळलं. विषानं लोळणाऱ्या अळ्या त्यांनी खाल्ल्या असाव्यात. फवारणी मीच केली होती, म्हणून जास्त लागतं. पावसाचं पाणी वावरातून नाल्यात जातं, तिथं बेडकांचा आवाजही कमी झालाय. जनावरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधानं, मेलेली जनावरं खाऊन गिधाडं गेली. जनावरांसाठी त्यावर 2006 मध्ये बंदी आली तोवर उशीर झाला होता. इथं तसं होऊ नये.

यंदा 5 टक्के निंबोळी अर्क, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) आणि पक्षीथांबे (पक्ष्यांना बसायला काठ्या) लावतो आहे. पण बोंडअळी वाढलीच, तर पक्ष्यांना त्यातल्या त्यात कमी घातक काय फवारावं? उंदरांसाठी विषारी आमिष ठेवलं तर मेलेला उंदीर खाऊन घुबड मरतं का? कोरडवाहूत कोणी हे करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. पेरणी तोंडावर आली आहे.