सेंदाईहून एका दिवसात, वडिलांना घेऊन पायी बघता येईल असं त्सुनामीतून सावरलेलं गाव कोणतं?

जुळे_सोलापूर:
एप्रिलमध्ये वडिलांना घेऊन भावाकडे जपानला, सेंदाईला चाललोय. वडील मूळचे सास्तूरचे. 1993 च्या भूकंपात आमचं माळवदाचं घर बसलं, त्यात आजी आणि धाकटी आत्या गेल्या. त्यानंतर वडील सोलापुरात आले आणि चादरीच्या कारखान्यात लागले, ते इथलेच झाले. आता सत्तरी ओलांडली आहे. चालण्याची सवय आहे, रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाला फेरी असते. फक्त जिना उतरताना गुडघा धरतो.

भाऊ म्हणत होता, मात्सुशिमाची बेटं बघू, सगळे तिथंच जातात. वडील म्हणाले, समुद्रानं नेलेली गावं परत कशी उभी केली ते मला बघायचंय. त्यांच्या तोंडून असं काही मागणं क्वचितच येतं, म्हणून ते नीट व्हावं असं वाटतं.

हातात एकच दिवस आहे. कोणतं गाव निवडावं? आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: अशा ठिकाणी आपण बघायला गेलेलं तिथल्या लोकांना कसं वाटतं? तेव्हा किल्लारी-सास्तूरला बघ्यांच्या गाड्याच्या गाड्या यायच्या. वडिलांना ते आजही बोचतं.
घरात सगळे शाकाहारी आहोत.

सातरस्ता:
दादा, ओनागावाला जा. मी सेंदाईत शिकायला होते, आता सोलापुरात सिव्हिलच्या मुलांना शिकवते, आणि त्या किनाऱ्यावरची बरीच गावं फिरले आहे. पायी बघायचं तर ओनागावाच.

सेंदाईहून इशिनोमाकीला साधारण तासाभरात पोचाल. तिथं गाडी बदलायची, पुढं अर्धा तास. ओनागावा शेवटचं स्टेशन आहे. ही डिझेलवर चालणारी छोटी गाडी खाडीच्या अगदी कडेनं जाते, पाण्यात कालवं वाढवायचे तराफे दिसतात. काकांना खिडकीशी बसवा.

11 मार्च 2011 ला जुनं स्टेशन वाहून गेलं. नवं 2015 च्या मार्चमध्ये, समुद्रापासून थोडं आत, भरावावर उघडलं. जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी त्याचा आराखडा केला, पंख पसरलेल्या समुद्रपक्ष्यासारखं पांढरं छप्पर आहे. हेच बान 2001 च्या भूकंपानंतर भूजमध्ये कागदी नळकांड्यांची घरं बांधायला आले होते, हे काकांना जरूर सांगा. स्टेशनातच वर गरम पाण्याचं स्नानगृह आहे आणि बाहेर पाय बुडवून बसायची फुकट सोय. ती परतीसाठी राखून ठेवा, गुडघ्याला बरं वाटेल. टॉवेल मात्र आपला लागतो, आणि सोलापूरकराला तो काय सांगायचा!

स्टेशनासमोरून विटांचा रस्ता थेट समुद्राकडे जातो, दोन्ही बाजूंना लाकडी बैठी दुकानं. मासळी, चहा, रंगीत फरशा हातानं रंगवणारं एक दुकान. तिथं रेंगाळा, पण आधी खाली पाण्याकडे जाऊन या.

पाण्याजवळ जुनी पोलीस चौकी आडवी पडलेली आहे. दोन मजली, पक्की आरसीसी. ती तशीच जपून ठेवली आहे. पायाचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल रोवलेले खांब, तुटून बाहेर आलेले दिसतात. भोवतालची जमीन भराव घालून उंच केली, चौकी मात्र 2011 च्या पातळीवरच राहू दिली, त्यामुळं ती खोलगट जागेत आहे आणि उताराच्या वाटेनं तिच्याभोवती फिरत खाली जाता येतं. तिथं उभं राहून मान वर करा. ज्या रस्त्यावरून आत्ता आलात तो डोक्याच्या वर असतो. गाव किती उचललं ते कुठल्या नकाशापेक्षा तिथं कळतं. तिला परत फिरणाऱ्या पाण्यानं पाडलं असं सांगतात. लाट आली की गेली असं नसतं, ती ओढून नेते, हे मी वर्गात त्या पाइलच्या फोटोवरून शिकवते.

मग टेकडीवरच्या दवाखान्याकडे चढा. जिना टाळायचा असेल तर रस्त्यानं वळसा घ्या. ती जमीन समुद्रसपाटीपासून 16 मीटर उंच, तरी तळमजल्यावर माणूस बुडेल इतकं पाणी आलं होतं. या टेकडीच्या जवळच एका बँकेची शाखा होती. तिथले कर्मचारी टेकडीवर न येता स्वतःच्या इमारतीच्या गच्चीवर चढले. 12 जण गेले. गच्ची आणि टेकडी यांतलं अंतर स्वतः चालून बघाल तेव्हा फार वाईट वाटेल, पण चाला. दहा हजारांच्या या गावातली आठशेहून जास्त माणसं गेली.

वाटेत शाळेतल्या मुलांनी उभारलेला शिलालेख दिसला तर थांबा. त्सुनामीनंतर महिन्याभरातच माध्यमिक शाळेत गेलेली ही मुलं. त्यांनी वर्गण्या मागून एक कोटी येन जमवले आणि ठरवलं की ओनागावाच्या 21 किनाऱ्यांवर, पाणी पोचलं त्याच्याही वर, एकेक दगड बसवायचा. पहिला 2013 मध्ये बसला, 21 वा 2021 मध्ये. मोठा भूकंप झाला तर या दगडाच्या वर पळा, कुणी नको म्हणालं तरी त्याला ओढून न्या, घरी परत निघालेल्याला अडवा, असं त्यावर कोरलंय.

आता माझं मत. त्या किनाऱ्यावर काही गावांनी दहा मीटरहून उंच भिंती घातल्या. ओनागावानं गावासमोर तशी भिंत घातली नाही. झोपायला टेकडीवर, कामाला खाली, आणि समुद्र नजरेसमोर. तिथल्या व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की साठीच्या पुढच्यांनी मध्ये बोलू नये, गाव तरुणांना आखू द्या. मला हे फार मोठं वाटतं. पण टेकड्या कापून घरं होईपर्यंत वर्षं गेली, तोवर पुष्कळ कुटुंबं बाहेर स्थिरावली. आज वस्ती सहा हजारांच्या आसपास आहे. तेही डोळ्यांआड करू नका.

बाळीवेस:
खाण्याचं मी सांगते. भाज्यांच्या रश्शातही माशांचं पाणी असतं, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमध्येसुद्धा. ते चुकवणं अवघड. कडक भाकरी, शेंगा चटणी, दशम्या बरोबर न्या. साधा भात कुठंही मिळतो. कचऱ्याचे डबे रस्त्यावर नसतात, पिशवी ठेवा. आणि एप्रिलमध्ये आपल्याकडं अंगाची लाही होते म्हणून स्वेटर विसराल; तिकडं समुद्राचा वारा बोचरा असतो.

उमरगा_नाका:
बघ्यांबद्दल. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे, 30 सप्टेंबरला, भूकंप झाला. सोलापुरातून भाकऱ्या आणि चादरी घेऊन ट्रक निघाले, त्यातल्या एकावर मी होतो. ढिगाऱ्याशी उभे राहून लोक फोटो काढत होते आणि शेजारी माणूस आपल्या बैलाला मिठी मारून रडत होता. तुमच्या वडिलांना काय बोचतं ते मला माहीत आहे.
पण ओनागावाला इतक्या वर्षांनी जाणारा माणूस तो बघ्या नव्हे. दुकानात चार पैसे खर्च करा, वरच्या वस्तीत घरांचे फोटो काढू नका. भावाला जपानी येत असेल तर वडील कुठून आले ते एखाद्या दुकानदाराला सांगू दे.
एक विचारायचंय. आपल्याकडं नवी गावं रुंद रस्त्यांची झाली, घरं लांब लांब. म्हातारी माणसं म्हणायची, शेजारणीची हाक ऐकू येत नाही. तिथं काय केलं?

सातरस्ता:
काका, मोलाचा प्रश्न. सपाट जागाच नव्हती, म्हणून बेसबॉलच्या मैदानावर बान यांनीच जहाजाचे कंटेनर तीन मजली रचून तात्पुरती घरं केली. पुढं लहान कोळीवस्त्या एकत्र करायचा विचार निघाला, तो लोकांनी मानला नाही. मग बहुतेक वस्त्या आपापल्या किनाऱ्यामागच्याच उंचावर गेल्या.
आणि दादा, गावात त्या दिवसाबद्दल स्वतः सांगणारे वाटाडे मिळतात, पण आधी ठरवावं लागतं. भावाला फोन करायला सांगा.

जुळे_सोलापूर:
सगळं वडिलांना वाचून दाखवलं. मात्सुशिमा रद्द. त्यांना एखादी कोळीवस्ती पण बघायची आहे, जमेल का?

सातरस्ता:
बस अगदी तुरळक आहेत. भावानं गाडी आणली तर एक वस्ती होईल. नाहीतर गावातच थांबा, आणि पोचल्या पोचल्या परतीच्या गाडीची वेळ बघून ठेवा. दोन गाड्यांमध्ये बराच वेळ असतो.