वळताना पुढून येणारा आवाज: शॉकअप बदलायचे का?

बी-304: नमस्कार मंडळी. पार्किंगमधून गाडी काढताना स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की पुढून 'टण्ण' असा आवाज येतो. सरळ रस्त्यावर काही नाही. गॅरेजमध्ये दाखवली तर चालवून न बघताच म्हणाले, पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत, बदला. बदलू का?

ए-102: बदलून टाका ताई. माझ्या गाडीचा असाच आवाज होता, शॉकअप बदलल्यावर गेला.

सी-501: ताई, थांबा जरा. आधी एक सांगा, गाडी जागेवर उभी असताना नुसतं स्टेअरिंग फिरवलं तरी येतो का?

बी-304: हो काका, उभ्या गाडीतही येतो. उलट तेव्हाच जास्त स्पष्ट.

सी-501: मग शॉकअपवर संशय घ्यायचं कारणच नाही. शॉकअपचं काम वर-खाली होण्याला आवर घालायचं. उभी गाडी वर-खाली होत नाही, मग तो वाजेल कशाला? शॉकअप गेला असेल तर त्याच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसतं, खड्ड्यातून निघाल्यावर गाडी झोके घेत राहते, टायर एकसारखा न झिजता उंचसखल झिजतो. यातलं काही आहे?

बी-304: नाही, चाकाच्या आत टॉर्च मारून पाहिलं, कोरडं आहे.

सी-501: मग वरच्या माउंटचं बेअरिंग बघायचं. बहुतेक गाड्यांत पुढची स्प्रिंग आणि शॉकअप चाकाबरोबर वळतात आणि वर बॉडीला जिथे टेकतात तिथे एक बेअरिंग असतं. त्यात पाणी-धूळ जाऊन ते जाम झालं की स्प्रिंग मोकळी फिरत नाही. तिला पीळ बसत जातो आणि एका क्षणी ती सुटते. तोच तुमचा 'टण्ण'. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ यायला कुरकुर करत असेल तर संशय आणखी पक्का.

तपासायला दोन माणसं पुरतात. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा, एकाने इंजिन चालू करून स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. दुसऱ्याने स्प्रिंगला बाहेरून तळहात लावायचा. वेढ्यांच्या फटीत बोटं अजिबात घालू नका.

ए-102: पण काका, माझा आवाज तर शॉकअपनेच गेला ना?

सी-501: दादा, तुमचं बिल काढून बघा. त्यात 'स्ट्रट माउंट', म्हणजे हेच वरचं माउंट, असेल. शॉकअप काढताना माउंट सुटतंच, चांगला मेकॅनिक तेव्हाच नवीन टाकतो. आवाज बहुधा त्याने गेला.

ए-102: बघितलं. माउंट किट लिहिलंय खरं.

ई-403: आमची गाडी बेसमेंटमध्ये वळताना चीं-चीं करते, तेही हेच का?

सी-501: बाहेर डांबरी रस्त्यावर येत नसेल तर काही करू नका. गुळगुळीत रंगवलेल्या फरशीवर टायर घासल्याचा आवाज आहे तो.

ए-602: आणि वळताना टक-टक-टक? वेग वाढवला की टकटकही वाढते.

सी-501: तो ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा जॉइंट. त्यालाच सीव्ही जॉइंट म्हणतात. मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा आणि हलका अ‍ॅक्सिलरेटर द्या. डावीकडे वळताना वाजला तर बहुतेक वेळा उजवा जॉइंट, उजवीकडे वळताना डावा. चाकामागचा रबरी बूट फाटलाय का आणि रिमच्या आत काळं ग्रीस उडालंय का तेही बघा. बूट नुकताच फाटला असेल तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं. टकटक सुरू झाली म्हणजे जॉइंट झिजला, मग तोच बदलावा लागतो.

बी-304: काका, आत्ताच पाहिलं. हे आत बसले, मी हात लावला. उजवी स्प्रिंग हाताला चांगलाच झटका देते, डावी अलगद फिरते.

सी-501: सापडलं! माउंट आणि बेअरिंग दोन्ही बाजूंचं बदलून घ्या. स्प्रिंग दाबायचा कंप्रेसर लावूनच हे काम होतं, घरी कुणी हात घालू नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीवावर बेततं. शॉकअप खूप जुने असतील तर मजुरी एकच लागते म्हणून आत्ता बदलण्यात अर्थ आहे, पण तो निर्णय तुमचा, गॅरेजचा नाही. नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन-दिशा जुळवणं, करून घ्या. मेकॅनिकने लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, हेही सैल केले, तर शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना करायला सांगा. चाक लोंबकळत असताना आवळलं की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

डी-203: काका, माझी केस वेगळी. गेटच्या चढावर तिरकी घेतली की खडखड येते, आणि हल्ली वळताना करकर पण. बुशवर गंज काढायचा स्प्रे मारला, एक दिवस गप्प होती.

सी-501: खनिज तेलाचा स्प्रे रबर फुगवतो, तो नको. मारायचाच तर सिलिकॉनचा. खडखड लिंक रॉडची, म्हणजे गाडीचं कलणं आवरणाऱ्या बारला जोडणाऱ्या छोट्या दांडीची असावी, तो स्वस्त भाग आहे, जोडीने बदला. पण करकर सोडू नका, बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला लोअर आर्मशी जोडणारा गोल सांधा, कोरडा पडल्यावर तशीच येते. चाक जॅकवर घ्या, स्टँड लावा, दुसऱ्या चाकांना ओंडके लावा. मग चाक वर आणि खाली धरून हलवा. ढिलेपणा जाणवला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. नुसतं डावी-उजवीकडून धरल्यावर हललं तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगपासून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं टोक. गाडीखाली मात्र शिरू नका.

डी-203: वर-खाली धरल्यावर हलतंय. खालचा सांधा सरकताना दिसतोसुद्धा. उद्या हायवेने गावी निघायचंय.

सी-501: दादा, या गाडीने निघू नका. बॉल जॉइंट सुटला की चाक आडवं पडतं आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. गॅरेजलाही चालवत नेऊ नका, टो ट्रकवर चढवून न्या. सकाळी मी खाली येतो, गाडी चढवताना सोबत थांबतो.