आयर्लंडच्या खेड्यांतील लोहार आणि सणांच्या प्रथा

प्रश्न: आयर्लंडच्या ग्रामीण भागात गुड फ्रायडेला लोहार खिळा ठोकत नसत, असे वाचनात आले. यामागचे कारण काय असावे? लोहारकामाचा इतर सणांशीही संबंध होता का?

उत्तर १: ख्रिस्ताला खिळे ठोकून क्रुसावर चढवले, त्या दिवशी हातून खिळा ठोकला जाऊ नये, ही त्यामागची श्रद्धा. त्यामुळे घोड्याला नाल मारण्याचे काम पुढे ढकलले जाई. मार्टिन संताच्या दिवशी, म्हणजे ११ नोव्हेंबरला, बंदी होती ती चाकावर: चरखा, गिरणी, गाडी, काहीही फिरवायचे नाही. आदल्या संध्याकाळी कोंबडा कापून त्याचे रक्त उंबरठ्यावर आणि घराच्या कोपऱ्यांत शिंपडत.

उत्तर २: बंदीपेक्षा मला सन्मानाची बाजू अधिक महत्त्वाची वाटते. १ फेब्रुवारी हा ब्रिजिड संतिणीचा दिवस. आदल्या रात्री लव्हाळ्याचे क्रूस विणून दारावर लावतात आणि तिचा आशीर्वाद लाभावा म्हणून कापड बाहेर ठेवतात. याच नावाच्या प्राचीन देवतेविषयी मध्ययुगीन आयरिश कोशात असे म्हटले आहे की तीन बहिणींचे नाव ब्रिजिड होते आणि त्यांपैकी एक काव्याची, दुसरी वैद्यकाची, तर तिसरी लोहारकामाची होती. दहाच दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, गोबनेट संतिणीचा उत्सव येतो. तिला मधमाश्यांची रक्षणकर्ती मानतात. परंतु कॉर्क परगण्यातील बालीव्हर्नी येथे तिचे घर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोल दगडी वास्तूचे १९५१ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा तेथे लोहकामाचे अवशेष सापडले. श्रद्धा आणि कारागिरी एकाच जागी नांदत होत्या, याचा इतका ठोस पुरावा क्वचितच मिळतो.

उत्तर ३: सन्मानाबरोबर भीतीही होती, हे विसरून चालणार नाही. पॅट्रिक संताच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या जुन्या प्रार्थनेत स्त्रिया, लोहार आणि ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहित) यांच्या मंत्रांपासून रक्षण मागितले आहे. तापलेले लोखंड ज्या कुंडीत विझवतात, तिच्या पाण्याने चामखीळ जाते, ही समजूतही त्याच सामर्थ्यावरील विश्वासातून आली असावी. आपल्याला अधिक खोलात जायचे असल्यास १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांनी गावातील वृद्धांकडून लिहून घेतलेला लोकविद्येचा संग्रह अवश्य पाहावा; गावची लोहारशाळा हा त्यांना नेमून दिलेल्या विषयांपैकीच एक होता.