2014ची गारपीट कुणाच्या रानात पडली होती? गारा किती वेळ टिकल्या?

मांजराकाठ (लातूर)
माझा मावसभाऊ अमेरिकेत बफेलोला असतो. 2022च्या नाताळात तिथं बर्फाचं वादळ झालं तेव्हा घरात अडकून पडला होता. रस्त्यावरच्या गाड्या बर्फात गाडल्या गेलेल्या, गाडी चालवायला बंदी, समोरचं घर दिसेना. परवा तेच सांगत होता. मी म्हणलं, बाबा, 2014च्या मार्चात आपल्याकडं पण रानं पांढरी झाली होती. तर हसायला लागला. मी तेव्हा शिकायला पुण्यात, नुसते फोटो बघितलेले. ज्यांच्या रानात पडली त्यांनी लिहा. गारा खरंच दुसऱ्या दिवसापर्यंत राहिल्या का? अन् फळबागांचं पुढं काय झालं?

दुधनाकाठचा (जालना)
हसू द्या त्याला.

आमची मोसंबी, बदनापूरकडं. 2012-13च्या दुष्काळात आजूबाजूच्या बागा सरपणाला गेल्या. आमची टँकरवर जगवली, आईच्या पाटल्या त्यातच गेल्या. पुढच्या साली पाऊस बरा झाला, झाडं सावरली. आंबेबहार धरला होता, फळं हरभऱ्याएवढी झाली होती, अन् हे आलं.

दुपार कललेली. मावळतीकडून आभाळ आलं ते काळं नव्हतं, हिरवट होतं. वडील म्हणाले, बैलं सोडा आधी. गोठ्यात शिरतोय तोवर पत्र्यावर पहिली गार पडली. मग बोलणंच खुंटलं, वडील ओरडतायत हे त्यांच्या तोंडाकडं बघून कळायचं. सिमेंटचे पत्रे फुटून गारा आत. म्हैस दावं तोडून पळाली, पाठीवर टेंगळं आली पण वाचली. शेजाऱ्याच्या शेळ्या बाभळीखाली थांबल्या होत्या, त्या गेल्या. सगळा खेळ वीसेक मिनिटांचा. बाहेर आलो तर गुडघ्याखाली गार हवा अन् बागेतून तुटलेल्या मोसंबीच्या पानांचा वास. इतका चांगला वास, की चीड आली.

तर हो, गारा दुसऱ्या दिवशीही होत्या. सगळीकडं नाही. पाण्यानं लोटून बांधाला लावल्या होत्या तिथं, सावलीला. पोरं भगुन्यात भरून नेत होती. लिंबाखालून राघू अन् पारवे टोपल्यानं उचलले. डांबरीवर लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते. ‘मराठवाड्यात काश्मीर’ म्हणून जे फोटो फिरले, त्यातला एखादा आमच्याच बांधावरचा असायचा.

बागेचं म्हणाल तर पानं परत फुटतात, खरा मार सालीला बसतो. मावळतीच्या अंगाला एकेक फांदी सोललेली, काही दिवसांनी तिथून डिंक गळायला लागला. मोडक्या फांद्या छाटल्या, कापावर बोर्डो पेस्ट लावली (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर) अन् झाडावर 1 टक्क्याचं बोर्डो फवारलं. पंचनाम्याला माणूस आला तोवर पालवी फुटलेली. म्हणतो, बाग तर हिरवी दिसतेय की! त्याला फांदीची मागची बाजू दाखवायला बागेत ओढत न्यावं लागलं.

त्यात 5 मार्चपासून लोकसभेची आचारसंहिता, जो तो तेच कारण सांगायचा. शेवटी फळबागेला हेक्टरी 25 हजार जाहीर झाले, दोन हेक्टरपर्यंत. आम्हाला मिळाले, खोटं कशाला बोलू. पण त्याच पावसाळ्यानं दगा दिला, 2015नंही दिला, अन् अंगावर जखमा असलेली झाडं आधी वाळली.

ढगवेडा
भावाला एक सांगा, बर्फ अन् गार हे वेगवेगळं प्रकरण आहे. बर्फाला खालपर्यंत थंड हवा लागते. गारेला उलट खाली तापलेली जमीन लागते. मार्चातली गरम, दमट हवा जोरात वर चढते, थेंबांना गोठेपर्यंत वर नेते, अन् तिथं त्यांच्यावर बर्फाचे थर चढत जातात. वजन पेलेना झालं की खाली. 2014ला बंगालच्या उपसागराकडून ओल येत होती अन् वर पश्चिमेकडची थंड हवा होती. मोठी गार मधोमध फोडून बघा, आत कांद्यासारखी वलयं दिसतात.

माजलगावची सून
बागांचं सगळे लिहितात, ज्वारीचं कुणी लिहीत नाही. आमचा शाळू काढून पडलेला, पेंढ्या बांधायच्या राहिलेल्या. भिजून दाणा काळा पडला. व्यापाऱ्यानं कोंबड्यांच्या खाद्याला म्हणून निम्म्या भावात मागितली, सासऱ्यांनी दिली नाही. मग वर्षभर घरात तीच. पीठ कितीही मळा, भाकरी थापताना कडा फाटायच्या, अन् तव्यावर टाकली की कुबट वास. लेकरं नुसता भात मागायची. कडबाही काळा, ढोरं हुंगून तोंड फिरवायची.

मांजराकाठ (लातूर)
ताई, हे आमच्या घरीही झालं असणार, आईला विचारतो. दादा, मोरचूद कशात भिजवायचं? अन् बाग आहे का आता?

दुधनाकाठचा (जालना)
प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडाच्या भांड्यात नको, भांडं खातं. बाग निम्मी आहे, निम्मी 2016ला काढून सीताफळ लावलं. त्या दिवशीचे फोटो धाकट्या भावाच्या जुन्या फोनमध्ये आहेत, फोन चालू झाला तर टाकतो. म्हशीचाही आहे.